मंचावरचं यंत्र कुणाचं ऐकतं?

गणपतीच्या दिवसांत कोल्हापुरात ऑर्केस्ट्रा ऐकायला तिकीट लागत नाही. पेठेतल्या कुठल्याही मोठ्या मंडळासमोर जाऊन उभं राहायचं. गेल्या गणपतीत आम्ही शिवाजी पेठेत असेच तीन तास उभे होतो. रस्त्यातच बांधलेला मंच, त्यावर दोन कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, एक ढोलकी, दोन गायिका, एक गायक आणि मागे पडद्याला लागून टेबलावर टॉवेलनं अर्धा झाकलेला लॅपटॉप. ढोलकी सोडली तर कातडं, तार किंवा हवेचा भाता असलेलं एकही वाद्य तिथे नव्हतं.

दुसऱ्या गाण्याला शेजारचे गृहस्थ आम्हाला म्हणाले, "आत सगळं भरून ठेवलंय हो. ही पोरं नुसती हात हलवत्यात."

आरोप साधा नाही. पेटीवाल्यावर तो कुणी करणार नाही, कारण त्याचा भाता हलताना दिसतो, बोट पडलं की स्वर येतो, बोट उचललं की थांबतो. कारण आणि परिणाम दोन्ही डोळ्यांसमोर असतात. विजेच्या वाद्यात ही साखळी पेटीच्या आत जाते आणि दिसेनाशी होते. एकाच रबरी चौकोनावर त्याच काठीनं मारलं की एका गाण्यात ढोलकीची थाप येते, दुसऱ्यात काच फुटते, तिसऱ्यात घोडा खिंकाळतो. मग ऐकणाऱ्यानं विश्वास कशावर ठेवायचा? आमचं रोजचं काम पदार्थांच्या पातळ थरांवरचं. संगीतात आम्ही श्रोतेच. पण 'हे कशावरून?' हा प्रश्न दोन्हीकडे चालतो, म्हणून त्या गृहस्थांचं वाक्य आम्ही तपासायला घेतलं.

सुरुवात ऑक्टोपॅडपासून करू, कारण तो आता गावोगाव पोचलाय आणि त्याचं विज्ञान वर्गात दाखवता येतं. जपानच्या रोलँड कंपनीनं आठ रबरी चौकोनांचं हे वाद्य १९८५ मध्ये बाजारात आणलं. आपल्याकडे ते इतकं रुळलं, की कंपनीनं दिलेलं नाव वाद्याच्या जातीचंच नाव झालं. प्रत्येक चौकोनाखाली एक संवेदक असतो. त्यासाठी वापरतात ती दाबविद्युत चकती: असा पदार्थ, की जो दाबला तर त्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. हा गुण पियरे आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिकांत शोधला. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरची 'टिक' हा त्याचाच अवतार. चकती घरीही मिळेल. खेळण्यातल्या किंवा अलार्मच्या बझरमध्ये पितळेची गोल, मधोमध पांढरा थर असलेली पातळ चकती असते. तिच्या दोन वायरींना एक लाल एलईडी जोडा, खोलीत अंधार करा आणि चकतीवर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टिचकी मारा. एलईडी क्षणभर चमकेल. जोरात मारली तर जास्त. मुलांना म्हणावं, हाच ऑक्टोपॅड. फक्त दिव्याच्या जागी त्याला आवाजांची कोठी जोडायची.

चकतीचा तो क्षणिक विद्युतदाब यंत्र मोजतं आणि त्याचा आकडा करतं. 'अमुक चौकोन, इतका जोर' एवढाच निरोप पुढे जातो. वाद्यांनी एकमेकांना असे निरोप धाडण्याची एक सामाईक भाषा १९८३ पासून वापरात आहे. तिचं नाव मिडी. तिच्यात जोराच्या पायऱ्या १ ते १२७. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका ठोक्याच्या निरोपाला ३० बिट लागतात, म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. निरोप पोचला की स्मृतीत साठवलेला ढोलकीचा आवाज बाहेर पडतो.

'भरून ठेवलंय' हे म्हणणं इथपर्यंत अक्षरशः खरं आहे. आवाज भरलेलाच असतो. कधी मारायचं आणि किती जोरात, हे मात्र आत भरलेलं नसतं. ते त्या क्षणी मनगटातून येतं. त्या रात्रीचा ऑक्टोपॅडवाला (पंचविशीतला असेल) हातानंच वाजवत होता, याची आम्ही पैज लावली असती. एका ठिकाणी त्याची काठी निसटली, एक ठोका गेला आणि तो हसला. ठोका गेला तेव्हा आवाजही गेला. आमच्या दृष्टीनं हा सज्जड पुरावा.

तरीही त्याच्या वादनात एक गोष्ट खटकली आणि ती सांगायला हवी. एका गाण्यात त्यानं हलगी वाजवली. कोल्हापुरात हलगी वाजवणं म्हणजे सोनारापुढे सोनं ठेवणं. इथल्या माणसाच्या कानात खासबागेची हलगी बसलेली असते. शाहू महाराजांनी बांधवलेल्या त्या मैदानात कुस्ती चालू असताना हलगीवाला जोडीकडे बघत वाजवतो. मल्ल एकमेकांना जोखताहेत तोवर लय बसकी, पकड लागली की चढती, चितपट झाली की कडकडाट. वाजवण्याआधी तो हलगी जाळावर धरतो. उष्णतेनं कातड्यातला ओलावा उडतो, ताण वाढतो, कंपनसंख्या वाढते आणि आवाज टणटणीत होतो. दहा-पंधरा मिनिटांत कातडं पुन्हा सैलावतं, आवाज उतरतो आणि त्याला पुन्हा जाळाकडे जावं लागतं. म्हणजे खऱ्या हलगीचे कोणतेही दोन ठोके तंतोतंत सारखे नसतात. ऑक्टोपॅडमधली हलगी म्हणजे एकच ठोका, एकदाच टिपलेला. तो सेकंदाला आठ वेळा आला, की कान लगेच ओळखतो, कारण आठही वेळा लहरीचा आकार तोच, फक्त कंपविस्तार कमी-जास्त. छापखान्यातून एकाच ठशाची आठ पानं यावीत तसं. यावर तंत्रज्ञांनी उपाय काढलेत: वेगवेगळ्या जोराचे अनेक ठोके टिपायचे आणि आळीपाळीनं सोडायचे. त्या रात्री तो उपाय फारसा दिसला नाही. मनगट जिवंत होतं, हलगी नव्हती.

कीबोर्डचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. दोनपैकी एका कीबोर्डवर 'स्टाइल' चालू होती. या सोयीत डाव्या हातानं स्वरसंगती दाबायची, की यंत्र त्या स्वरांना धरून ताल, बास आणि गिटारची छेड स्वतःच वाजवत राहतं. बोटं बदलली की साथीचे स्वर बदलतात. लय मात्र यंत्राची. वादकानं एक बटण दाबलं की अंतऱ्याचा भरणा, दुसरं दाबलं की शेवट. याला हात हलवणं म्हणायचं की वाजवणं? घोडागाडीतल्या गाडीवानासारखं आहे ते. पावलं घोडा टाकतो, वळण गाडीवान घेतो. कडवं पुन्हा घ्यायचं ठरलं तर वादक यंत्राला तिथेच फिरवत ठेवू शकतो. एवढं यंत्र त्याचं ऐकतं.

उरला टॉवेलाखालचा लॅपटॉप. त्यात असतो 'ट्रॅक', म्हणजे गायकाचा आवाज वगळून बाकी सगळं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं गाणं. त्या रात्रीच्या बावीसपैकी आमच्या मोजणीनं तेरा गाणी ट्रॅकवर होती. आम्ही ओळखलं कसं? समोर दिसत नसलेली व्हायोलिनं ऐकू आली, ही एक खूण. दुसरी खूण ऑक्टोपॅडवाल्याच्या कानातली वायर. ट्रॅकबरोबर वाजवायचं तर वादकाला लय आधी कळावी लागते. म्हणून मुद्रणाच्या एका बाजूला संगीत ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला नुसती 'टिक-टिक', जी फक्त वादकांच्या कानात जाते. मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्यात दर ५०० मिलिसेकंदांनी एक टिक. वायर उलटी लागली तर संगीत वादकाच्या कानात आणि टिक-टिक सगळ्या पेठेला! एकदा एका लग्नात असं झालेलं आम्ही ऐकलंय. वऱ्हाडी मंडळींना ती नवी चालच वाटली आणि ती त्यावर नाचलीही.

इथे थोडं थांबून माणूस माणसाला साथ कशी करतो ते पाहू. आवाज ऐकून बोट हलवायला आपल्याला सुमारे दीडशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे पेटीवाला गायकाचा स्वर ऐकून मग बोट ठेवू लागला, तर तो कायम मागेच राहील. वरच्या लयीत मात्रेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं मागे. हवेतला उशीर याच्यापुढे किरकोळ: ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा मंचावर तीन-साडेतीन मीटर अंतराला दहा मिलिसेकंद. मग संगतकार बरोबर कसा असतो? तो अंदाज बांधतो. पुढचा स्वर कुठे आणि कधी पडणार हे आधीच ताडतो, बोट टाकतो, अंदाज चुकला तर पुढच्याला दुरुस्त करतो. गायकही त्याचा अंदाज घेत असतो. दोन्हीकडून सतत चाललेली ही दुरुस्ती म्हणजे संगत. ट्रॅकवर गाताना दुरुस्तीचं सगळं काम एकट्या गायकाच्या अंगावर पडतं. ट्रॅक कुणाचंच ऐकत नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, मंचावर यंत्र आहे की नाही, आवाज भरलेला आहे की नाही, हे विचारून फारसं हाती लागत नाही. विचारावं हे, की गाणारा चुकला, थांबला, रेंगाळला, तर बाकीच्या आवाजात काही फरक पडेल का?

या प्रश्नानं पेठेबाहेरही बऱ्याच जणांना छळलंय. १९७०च्या दशकाअखेर इंग्लंड-जर्मनीत गिटार-ड्रम बाजूला ठेवून निव्वळ सिंथेसायझरवर गाणी करणारे गट निघाले. सिंथपॉप म्हणतात त्याला. ध्वनिमुद्रणशाळेत एकावर एक थर देत केलेली ही गाणी चार माणसांनी मंचावर वाजवायची कशी? त्या काळचे सिंथेसायझर लहरी होते. त्यांच्या मंडलातले ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवे, त्यामुळे मंचावरच्या दिव्यांनी तापले की स्वर सरकायचा. मिनीमूग या १९७० च्या प्रसिद्ध वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघे आणि बटणांच्या जागा लक्षात ठेवायची सोय त्याच्यात नव्हती, त्या वादकानं कागदावर टिपून ठेवायच्या. तेव्हा उरलेलं संगीत फितीवर आणण्यावाचून गत्यंतर नसे. 'ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क' या लिव्हरपूलजवळच्या गटानं त्यावर काढलेली तोड आम्हाला आवडते. त्यांनी आपला फितीचा यंत्रसंच लपवला नाही. सर्वांना दिसेल असा मंचावर ठेवला आणि त्याला 'विन्स्टन' असं नावही दिलं. टॉवेल नाही!

उलट टोक 'न्यू ऑर्डर' या मँचेस्टरच्या गटाचं. बीबीसीच्या ज्या दूरदर्शन कार्यक्रमात बहुतेक मंडळी मुद्रणावर नुसते ओठ हलवत, तिथे त्यांनी १९८३ मध्ये 'ब्लू मंडे' हे गाणं यंत्रांसकट प्रत्यक्ष वाजवायचा हट्ट धरला. वाजवलं, आणि ते अगदीच फिकं झालं. आमच्या मते तो फिकेपणा मानाचा. जर्मनीतल्या 'क्राफ्टवेर्क'नं तर प्रश्नाचीच थट्टा केली. एका गाण्याला स्वतःच्या जागी पुतळे आणि पुढे हलते यंत्रमानव उभे केले. आणि १९८१ च्या दौऱ्यात 'पॉकेट कॅल्क्युलेटर' या गाण्याच्या वेळी हातातली चिमुकली यंत्रं पुढच्या रांगेतल्या श्रोत्यांपुढे धरून कळा त्यांनाच दाबू दिल्या. आपण दाबलं आणि वाजलं! कारण-परिणामाची तुटलेली साखळी इतक्या सोप्या रीतीनं जोडून दाखवणारा प्रयोग आम्हाला दुसरा माहीत नाही.

आपल्याकडे मुंबईचे चरणजित सिंग. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यातल्या टीबी-३०३ या बास यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, म्हणजे आपल्या मींडेची लांबची बहीण. ती तबकडी तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. पंचवीसेक वर्षांनी परदेशात तिचा शोध लागला आणि सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपच्या मंचांवर पुन्हा ती वाजवू लागले. २०१५ मध्ये ते गेले. त्यांचा ठेका यंत्राचा होता, पण त्यावरची रागाची बढत त्यांच्या बोटांची.

यंत्रावरचा राग आपल्याला नवा नाही. पेटी परदेशातून आली तेव्हा तिच्यावरही आक्षेप होते: स्वर ठोकून बसवलेले, मींड निघत नाही, श्रुती हरवतात. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला दार बंद केलं ते तीसेक वर्षं. आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच होते, आजही आहेत. पण त्या बंदीच्या आधीच कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) भास्करबुवा बखल्यांच्या मागे पेटीवर बसत होते आणि ऐकणारे ती संगत आठवणीत ठेवत होते. पेटीला मींड येत नव्हती. टेंब्यांना ऐकता येत होतं.

शाळांची गोष्ट इथेच काढायला हवी. पूर्वी स्नेहसंमेलनाला शाळेतलेच एखादे गुरुजी किंवा बाई पेटीवर असत. सूर बेताचा, पण एखादं पोर अंतऱ्याला अडखळलं की पेटी तिथेच घुटमळायची, ओळ पुन्हा द्यायची, पोराला उचलून पुढे न्यायची. गेल्या वर्षी एका संमेलनात आम्ही पाहुणे होतो. सातवीतली एक मुलगी ट्रॅकवर गात होती. आवाज गोड, सुरेल. दुसऱ्या कडव्याला ती चार मात्रा उशिरा उठली. ट्रॅक पुढे गेला. तिनं धावत गाठायचा प्रयत्न केला, मग थांबली, ध्वनिक्षेपक दोन्ही हातांत धरून उभी राहिली. व्हायोलिनं, बासऱ्या सगळं थाटात वाजत होतं आणि मधोमध ती गप्प. जवळजवळ एक मिनिट. ट्रॅक बंद करायला हवा हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण तो 'चुकला' नव्हता. शाळेत कॅसिओ होता. कपाटात होता.

पुन्हा पेठेत. साडेनऊच्या सुमाराला मंडळाचे एक जुने कार्यकर्ते, सत्तरीतले, मंचावर चढले. आबांना गायचं होतं. भजन, तेही असं की ज्याचा ट्रॅक कुणाकडे असणार नाही. त्यांनी कुणाला सूर न विचारता उचललं. कीबोर्डवाल्यानं दोन-तीन कळा चाचपल्या आणि तोंड वाकडं केलं. आबा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मध्ये कुठेतरी होते! पेटी असती तर तिथे हात टेकले असते. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं गुणोत्तर सुमारे १.०५९, आणि त्यांच्या मध्ये काही नसतं. पण विजेच्या कीबोर्डला पट्टी नसते, असतो एक आकडा. पोरानं एका हातानं नुसता षड्ज धरून दुसऱ्यानं पडद्यावरचा आकडा हळूहळू वर नेला. वाद्य अख्खं सरकत सरकत आबांच्या स्वराला येऊन चिकटलं. स्टाइल बंद. ऑक्टोपॅडवाल्यानं कानातली वायर काढली आणि ढोलकीवाल्याकडे बघत मंजिऱ्यांचा आवाज लावला. आबा मध्येच एक ओळ विसरले, तिघंही तिथेच फिरत राहिले, ओळ आठवली तसे पुढे गेले. शेवटी आबांनी मनानंच लय वाढवली, तीही त्यांनी पकडली.

आमच्या शेजारचे गृहस्थ तेव्हा काही बोलले नाहीत. टाळ्या मात्र डोक्यावर हात नेऊन वाजवत होते.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही ऑक्टोपॅडवाल्याला गाठलं. तो वायरी गुंडाळत होता. हलगीचं विचारलं. "ती मीच टिपलीय सर, खासबागेत, मोबाइलवर," तो म्हणाला. "चार ठोके टिपलेले, तीन गर्दीच्या आवाजानं खराब झाले." म्हणजे ठसा एकच का, ते कळलं. कामाचं विचारलं तेव्हा म्हणाला, की आता बरेच जण नुसता गायक आणि ट्रॅक मागतात, वादकांचे पैसे वाचतात. दुसऱ्या दिवशी त्याचा इचलकरंजीला कार्यक्रम होता. तिथे सगळा ट्रॅकच. ऑक्टोपॅड न्यायचा, मांडायचा, वायर जोडायची नाही.

मग न्यायचा तरी कशाला, आम्ही विचारलं.

"लोकांना बघायला लागतंय की, सर," तो म्हणाला आणि पेटीचं झाकण लावलं.